पंडुरोग: मुंबईची गिरणी, किनवटचा डोंगर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि त्यांच्या जोडीला आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे दोन तालुकेही आले. दोन्ही आधी नांदेडला जोडले गेले. राजुरा १९५९ साली चांद्याकडे गेला, किनवट नांदेडचाच राहिला. तिकडे बिदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर आणि अहमदपूर उस्मानाबादला मिळाले आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा ते लातूरचे झाले. आजचे हे दोन्ही जिल्हे असे तुकड्या-तुकड्यांनी जुळलेले आहेत.

या जुळवाजुळवीचा पंडुरोगाशी जवळचा संबंध आहे. लातूरकडच्या काळ्या रानात खुरपणीला जाणारी बाई आणि किनवट-माहूरच्या डोंगरातली बाई, दोघींचं हिमोग्लोबिन सात भरलं तर दवाखान्याच्या वहीत दोघींच्या नावापुढे एकच शब्द पडतो: ॲनिमिया. गावात म्हणतात, अंगात रक्त नाही. पण पहिलीच्या शरीराला लोह पुरत नसतं, तर दुसरीचं हिमोग्लोबिनच आईबापांकडून वेगळ्या घडणीचं आलेलं असू शकतं. पहिलीला लोहाची गोळी तारते. दुसरीचा आजार त्या गोळीने तसूभरही हलत नाही. रक्त कमी आहे हे सांगणं सोपं होतं. ते का कमी आहे हे कळायला फार काळ गेला. त्या शोधाचा एक मोठा टप्पा मुंबईत पार पडला, दुसरा निलगिरीपासून सातपुड्यापर्यंतच्या आदिवासी पाड्यांवर. मराठवाड्यापर्यंत दोन्हींचे निष्कर्ष पोहोचले, ते उशिराने.

आजार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे. वात, पित्त, कफ आणि तिन्ही दोष एकत्र बिघडल्याने होणारे चार प्रकार सांगून झाले की पाचवा येतो तो माती खाल्ल्याने होणारा. उपचारांत लोह आहे, मंडूर आहे. रोग्याचा रंग उतरणं, धाप लागणं, अंगावर सूज येणं, काही करावंसं न वाटणं ही लक्षणं आजच्या कुठल्याही डॉक्टरला ओळखीची वाटतील. त्यातही मातीचं निरीक्षण विलक्षण आहे. आजही गरोदर बाया भाजलेली माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाताना दिसतात. घरातल्या म्हाताऱ्या त्याला डोहाळे म्हणतात आणि कौतुकाने खडा हातावर ठेवतात. डॉक्टरांच्या लेखी ती बहुतेकदा लोह संपत आल्याची खूण असते. माती पोटात गेल्यावर अन्नातलं लोह शोषायला आणखी अडथळा होतो, शिवाय जंतांची अंडी जातात ती वेगळीच. म्हणजे चरकाने मातीला कारण मानलं, आजचं शास्त्र तिला आधी लक्षण मानतं आणि मग कारण.

युरोपातही लोहाचा उपाय पुस्तकी ज्ञानाच्या आधीपासून चालत आलेला. सतराव्या शतकात इंग्लंडचा थॉमस सिडनहॅम फिक्या पडलेल्या मुलींना लोखंडाचा कीस दारूत भिजवून द्यायचा. १८३२ साली फ्रान्सच्या ब्लोने लोहाच्या गोळ्या बनवल्या आणि त्या पुढची शंभर वर्षं खपल्या. बरं वाटायचं, पण काहींनाच. बाकीच्यांना का वाटत नाही, हे सांगायचं तर रक्त मोजायला आणि भिंगाखाली बघायला हवं होतं.

मोजण्याचं जे साधन मराठवाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी वर्षानुवर्षं वापरलं ते साहलीचं. हर्मन साहली हा स्वित्झर्लंडचा डॉक्टर. त्याच्या लाकडी चौकटीत दोन्ही बाजूंना तपकिरी काचेच्या कांड्या आणि मध्ये एक अरुंद, आकडे कोरलेली नळी. नळीत खालच्या खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. बोट टोचून बारीक काचनळीत वीस घन मिलिमीटर रक्त ओढायचं, टोकाला लागलेलं पुसायचं आणि ते आम्लात सोडायचं. लाल रंग मरतो, तपकिरी होतो. दहा मिनिटं थांबायचं. मग थेंब थेंब शुद्ध पाणी घालत काचेच्या काडीने ढवळायचं आणि चौकट खिडकीकडे धरून बघायचं: मधला रंग बाजूच्या काचांशी जुळला का? जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. तेच हिमोग्लोबिन.

दहा मिनिटं थांबायला कुणाला वेळ नसला, आभाळ भरून आलेलं असलं, बोट टोचल्यावर ते दाबून दाबून रक्त काढलं, की आकडा चुकायचा. शिवाय ही नळी फक्त किती ते सांगते, का ते सांगत नाही. कारण कळायला काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात. ब-१२ किंवा फोलेट कमी असेल तर त्या मोठ्या होतात. हाडांच्या मगजात तयार झालेली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. पंडुरोग म्हणजे एक तर ती पुरेशी बनत नाही, नाही तर रक्तस्रावाने निघून जाते, नाही तर मुदतीआधीच फुटते. स्त्रीचं हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटरमागे १२ ग्रॅमच्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की पंडुरोग म्हणायचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेघ आहे.

मोठ्या पेशींचं कोडं सुटलं ते परळला.

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायांना एक जीवघेणा पंडुरोग होत होता आणि बाळंतपणात त्या दगावत होत्या. मार्गारेट बालफोर या डॉक्टरबाई मुंबईतल्या मातामृत्यूंच्या मागे लागलेल्या होत्या. त्यांच्यामुळे हे काम विल्सकडे आलं. परळच्या हाफकिन संस्थेत तिने बस्तान बसवलं. आधी जंतुसंसर्ग शोधला, सापडला नाही. मग तिने लक्ष वळवलं ते बायांच्या ताटाकडे. कुठल्या समाजातल्या बाया काय खातात, भाजीपाला किती, दूध किती, हे तपासताना दिसलं की आजार गरीब मुसलमान बायांमध्ये जास्त आहे आणि त्यांच्या जेवणात बऱ्याच गोष्टींची वाण आहे. १९२९ मध्ये ती कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत गेली आणि तसाच निकस आहार उंदरांना देऊन पाहिला. पुढे माकडांवरही प्रयोग झाले. माकडांना पंडुरोग झाला आणि यीस्टचा अर्क दिल्यावर तो हटला. हा अर्क म्हणजे मार्माइट. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून केलेला, पावाला लावायचा स्वस्त काळा लगदा.

१९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिचा लेख आला. त्या काळी काळजाचा, म्हणजे यकृताचा उपचार जगभर गाजत होता. मिनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये ‘पर्निशस’ पंडुरोगावर रुग्णांना रोज कच्चं यकृत खाऊ घालून ते बरे करून दाखवले होते आणि व्हिपलसह त्यांना १९३४ चं नोबेल मिळालं. पण यकृताचा जो शुद्ध केलेला अर्क त्या पर्निशस रुग्णांना लागू पडायचा, तो मुंबईच्या बायांना लागू पडत नव्हता. साधा यीस्ट अर्क पडत होता. यावरून विल्सने ओळखलं की हे द्रव्य वेगळं आहे. त्याला विल्स फॅक्टर हे नाव पडलं. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि त्याचं नाव फोलिक ॲसिड झालं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेने ते कृत्रिम रीतीने बनवलं, त्या पथकाचे प्रमुख होते भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगड सुब्बाराव. यकृतातलं दुसरं द्रव्य, ब-१२, १९४८ मध्ये हाती आलं.

आज जगभर गरोदर स्त्रीला जी गोळी मिळते, तिचं निम्मं मूळ परळच्या त्या वॉर्डांत आहे. ज्या बायांच्या रक्तावर हे ज्ञान उभं राहिलं त्यांची नावं कुठल्याच ग्रंथात नाहीत. विल्सचं नाव राहिलं ते योग्यच. पण मुंबईच्या आरोग्याच्या इतिहासात त्या बायांना जितकी जागा द्यायला हवी होती तितकी दिली गेलेली नाही.

त्या वेळी लातूर आणि नांदेड निजामाच्या राज्यात होते. मोठं दुखणं म्हणजे हैदराबाद गाठायचं, अशी रीत. मराठवाड्याला पहिलं वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते १९५६ मध्ये, औरंगाबादला. १९६६ साली अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू केलं, तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. नांदेडचं शासकीय महाविद्यालय १९८८ चं. या सनावळ्या बघितल्या की कळतं, दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत इथल्या बाईचं रक्त भिंगाखाली जाण्याची शक्यता किती कमी होती.

सरकारने १९७० मध्ये राष्ट्रीय पंडुरोग प्रतिबंध कार्यक्रम सुरू केला. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. पुढे लोह १०० मिलिग्रॅम झालं आणि २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेत पुन्हा ६० वर आलं. लाल गोळी गरोदर बाईला १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. शाळेतल्या लहान मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना आठवड्यातून एक निळी. जंतांसाठी अल्बेंडाझोल. आशाताई दारात येतात, पाकीट देतात, वहीत टिक होते.

पुष्कळदा पाकीट फळीवरच राहतं. गोळीने मळमळतं, तोंडाला धातूची चव येते, शौच काळं होतं, पोट साफ होत नाही. गोळ्यांनी बाळ काळं होतं किंवा पोटात फार वाढतं आणि बाळंतपण अडतं, ही भीती सासवांनी सुनांना दिलेली असते. जेवणानंतर लगेच चहा होतो आणि चहातला टॅनिन लोहाला आतड्यातच अडवून धरतो. बाईला नुसतं ‘गोळ्या घेत जा’ असं दटावण्यापेक्षा शौच काळं होणं हे गोळीचं नेहमीचं लक्षण आहे, गोळी रात्री झोपताना किंवा लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर घे, चहा तासभर लांब ठेव, एवढं समजावून सांगितलं तर फार फरक पडतो. ज्या आशाताई हे सांगत बसतात त्यांच्या पाकिटांचं काम होतं.

मराठवाड्याचं ताट ज्वारीचं. ज्वारीत लोह आहे, पण त्याच दाण्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं. धान्याच्या जेवणातल्या लोहाचा दहावा भागही अंगी लागणं कठीण. एका गरोदरपणाला शरीराला सुमारे हजार मिलिग्रॅम जास्तीचं लोह लागतं. मुलीचं लग्न लवकर, पहिलं मूल लवकर, दुसरं त्याच्या पाठोपाठ, आणि जेवायला बसायचं सगळ्यांच्या शेवटी. अशा बाईच्या अंगात हे हजार मिलिग्रॅम येणार कुठून? अंबाडीची आंबट भाजी, तीळ, कारळाची चटणी, हरभऱ्याचा पाला, गूळ हे जुनं ताट त्यातल्या त्यात शहाणं होतं. आंबट चवीने लोह सुटं व्हायला मदत होते. पण अंबाडी पावसाळ्यात, पाला थंडीत. चैत्र-वैशाखात हिरवं पान दिसत नाही आणि कामं तर तेव्हाही असतात.

१९७२ च्या दुष्काळाने हे ताट पार मोडलं. खडी फोडायच्या कामावर बाया-बापे गेले, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, मजुरांना आणि पोरांना सुकडी वाटली गेली. मिलोची भाकरी गळ्याखाली उतरत नसे, असं त्या पिढीतली माणसं अजून सांगतात. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं. तिथेच, इक्रिसॅट या पीकसंशोधन संस्थेच्या सहकार्याने, २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण निघालं. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, यात ४५ च्या घरात, जस्तही जास्त. त्याआधी बाजरीचं ‘धनशक्ती’ आलेलं होतं. लोहाने समृद्ध बाजरीची भाकरी अहमदनगर भागातल्या वसतिगृहांतल्या मुलामुलींना काही महिने दोन्ही वेळा देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढल्याचं संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. गोळी विसरली जाते, भाकरी विसरली जात नाही. म्हणून या वाणांचं धान्य रेशनवर आणि आश्रमशाळांच्या कोठारांत किती जातं, हे आरोग्य खात्याने मोजावं असं आहे.

पण सगळं लोहावर टाकणंही बरोबर नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरातले मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ मध्ये निष्कर्ष आला की त्यांतल्या दोनतृतीयांशांच्या रक्तात ब-१२ कमी आहे, फोलेट मात्र थोड्यांचंच. ब-१२ वनस्पतीत नसतं, ते दूध, अंडी, मांस-मासळीतून येतं. माळकरी, लिंगायत, जैन, मारवाडी अशा शाकाहारी घरांची वस्ती लातूर-उदगीर पट्ट्यात दाट. तिथे दूध डेअरीला आणि ताक घरात, असं चालतं. हातापायांना मुंग्या, जिभेचा लाल गुळगुळीतपणा, सतत थकवा घेऊन आलेल्या रुग्णाला लोहाची गोळी दिली तर आकडा जागचा हलत नाही. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांची जी पोषण पाहणी झाली, तिने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. पंडुरोगी किशोरवयीनांमध्ये निव्वळ लोहाच्या कमतरतेचे २१.३ टक्के, तर फोलेट किंवा ब-१२ च्या कमतरतेचे २५.६ टक्के. आणि ३१.४ टक्क्यांमध्ये कारण यांपैकी कुठलंच नव्हतं.

या ‘कुठलंच नव्हतं’ मध्ये किनवटचा डोंगर येतो.

पैनगंगेच्या अलीकडचा हा सागवानाचा मुलूख. माहूरला रेणुकेचं ठाणं, भोवती गोंड, प्रधान, कोलाम, आंध यांचे पाडे. प्रधान हे गोंडांचे परंपरागत गाथाकार, किंगरी वाजवून कुळांच्या कथा सांगणारे. कोलामांची गणना महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल जमातींत होते. १९४० साली इथून पूर्वेला जोडेघाटच्या डोंगरात गोंड पुढारी कुमरं भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात पडला आणि त्यानंतर सरकारला या माणसांकडे बघावं लागलं. क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ मारलवाई गावी राहिला आणि त्याने आदिलाबादच्या राजगोंडांवर ग्रंथ लिहिला. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी नोकरीत आदिलाबादला होते. त्यांनी गोंडी आणि कोलामी भाषांचं व्याकरण लिहिलं आणि १९४९ मध्ये तिथल्या गोंडांवर पुस्तक काढलं. लातूरकडच्या माणसाने किनवटकडच्या माणसांची भाषा शिकून घेतली, ही मराठवाड्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. जमीन, कुळं, देव, भाषा या सगळ्याची नोंद त्या दशकात झाली. रक्ताची व्हायची होती, कारण काय बघायचं हे तेव्हा भारतात कुणालाच ठाऊक नव्हतं.

बघायचा होता तो सिकलसेल. हा आजार शास्त्राला १९१० मध्ये कळला. शिकागोच्या जेम्स हेरिकने ग्रेनाडाहून आलेल्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून त्यांवर लेख लिहिला. पुढची चार दशकं तो आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच आजार मानला गेला. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगने दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे सिद्ध केलं आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅमने तो नेमका कुठे आहे ते दाखवलं: प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. एवढाच बदल. त्याने प्राणवायू कमी झाला की पेशी वाकते, ताठरते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि १२० दिवसांऐवजी दोन-तीन आठवड्यांत फुटते.

१९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हीच पेशी सापडली. १९५८ मध्ये नागपूरहून शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या आढळाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. म्हणजे किनवट नांदेडला जोडलं गेल्यानंतर दोनच वर्षांनी शेजारच्या विदर्भात आजाराचा पत्ता लागलेला होता. सातपुड्यातलं काम मुख्यतः पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले संशोधक सुदाम काटे यांचं. धडगावच्या पाड्यांवर सत्तरच्या दशकापासून ते तपासण्या करत राहिले; २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहण्यांत पावरा, भिल्ल, माडिया, ओतकर आणि प्रधान या समाजांत या जनुकाचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत भरलं. यांतले प्रधान किनवट-माहूरचेही.

एवढं प्रमाण का? उत्तर हिवतापात आहे. आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालं तर माणूस वाहक असतो, धडधाकट असतो, आणि फॅल्सिपॅरम हिवतापापासून त्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. हे अँथनी ॲलिसनने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं. पैनगंगेच्या जंगलात हिवताप पिढ्यानपिढ्या होता. ज्या जनुकाने पूर्वजांना जगवलं, तेच दोन्हीकडून आलं की लेकराला छळतं. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक. गोंडांत देवांच्या संख्येवरून कुळगट ठरतात आणि आपल्या गटात लग्न होत नाही, पण जमातीबाहेरही सहसा होत नाही. मामाच्या मुलीशी लग्न तर मराठवाड्यातल्या अनेक समाजांना प्रिय. अशा रीतीत जनुक जमातीतच फिरत राहतं. सिंधी, लोहाणा या व्यापारी समाजांतल्या थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचंही गणित याच धर्तीचं आहे.

रुग्ण मूल पहिले सहा महिने ठीक असतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळतं. मग एके दिवशी हातापायांचे पंजे सुजतात. ताप येतो, डोळे पिवळे होतात, प्लीहा वाढते. थंडी, ताप, तहान, अतिश्रम यांनी हाडं फुटल्यासारखी दुखतात, दोन-चार दिवस लेकरू आक्रंदतं आणि मग पुन्हा हिंडायला लागतं. आईबाप आधी भगताकडे जातात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण सूज, कावीळ आणि हाडांचं दुखणं या तीन तक्रारींचा धागा एक आहे हे कित्येक दवाखान्यांतही लवकर ओळखलं जात नव्हतं. हिमोग्लोबिन मोजलं, सात निघालं, लोहाचं सिरप दिलं, झालं. सिकलसेलच्या रुग्णाला लोह कमी असल्याचं तपासून खात्री झाल्याशिवाय ते द्यायचं नसतं. ज्याला वारंवार रक्त चढवलंय त्याच्या यकृतात आणि हृदयात ते साचतं. त्याला रोज फोलिक ॲसिड हवं, भरपूर पाणी हवं, लसी हव्या, आणि दुखण्याचे झटके येत असतील तर हायड्रॉक्सियुरिया. हे औषध गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं, झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी करतं.

पहिली चाचणी स्वस्त आहे. छोट्या परीक्षानळीत रसायन असतं, त्यात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळी काळ्या रेघा आखलेल्या कागदापुढे धरतात. साधं रक्त असेल तर द्रावण नितळ राहतं आणि रेघा आरपार दिसतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर गढूळ होतं, रेघा दिसेनाशा होतात. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे मात्र त्यातून कळत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही यंत्रावरची तपासणी लागते. शिबिरात गढूळ नळी निघाली आणि पुढची तपासणी झालीच नाही, तर हाती उरते ती नुसती धास्ती. मुलीच्या लग्नात तिचा उच्चार होतो, मुलाच्या क्वचित.

महाराष्ट्रात सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ च्या सुमारास सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने आदिवासी जिल्ह्यांत पसरला. नांदेडचाही त्यात समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात झाली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट, २०४७ ही मुदत.

या सगळ्या वर्षांत लोहाच्या गोळ्या वाटल्या जातच होत्या आणि आकडे मात्र वर गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांमध्ये पंडुरोगाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ५४.२ झालं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ५३.८ वरून ६८.९. बोटातून घेतलेल्या रक्ताने आकडा फुगतो, असा तज्ज्ञांचा आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे: शिरेतून रक्त घेणाऱ्या २०१६-१८ च्या पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये देशाचं प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपासच निघालं होतं. तरीही पाचातली दोन मुलं ही काही कमी नव्हेत.

‘ॲनिमियामुक्त भारत’च्या सूचनांमध्ये एक वाक्य महत्त्वाचं आहे, आणि ते फारसं कुणी वाचून दाखवत नाही. महिनाभर नियमाने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढलं नाही, तर रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठवून कारण शोधायचं. लातूरच्या शाकाहारी घरातल्या बाईसाठी त्याचा अर्थ ब-१२ ची तपासणी. माहूरच्या पाड्यावरच्या, दर आठवड्याला निळी गोळी गिळणाऱ्या आश्रमशाळेतल्या प्रधान मुलीसाठी त्याचा अर्थ रक्ताचा नमुना एचपीएलसीसाठी नांदेडला जाणं, आणि तिथला अहवाल महिन्याच्या आत परत तिच्या शाळेत पोहोचणं.